हेडिंगमध्ये 'कॅन्सर' छापता, मग किती गोळ्यांनी तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कृत्रिम स्वीटनरबद्दल पेपरात जे छापून येतं त्यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण आमच्या घरात त्याचा त्रास झालाय. जुलै 2023 मध्ये 'शुगर-फ्री गोळ्यांनी कॅन्सर' अशा थाटाची बातमी बाबांनी वाचली (पेपरचं नाव नको). त्यांना चौदा वर्षांपासून डायबिटीस आहे. चहात टाकायच्या गोळ्यांची ती छोटी डबी, अंगठ्याने दाबली की टिक करून एक गोळी पडते, ती त्यांनी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि परत प्रत्येक कपात दोन चमचे साखर सुरू केली, दिवसातून चार कप, आणि कुणाला सांगितलं पण नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर वाढलेली आली तेव्हा कुठे कळलं.

आता मूळ गोष्ट काय होती बघा. जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित दोन गटांनी तेव्हा अॅस्पार्टेमवर, म्हणजे बाबांच्या गोळ्यांतल्या कृत्रिम स्वीटनरवर, मत दिलं. आयएआरसीने, म्हणजे त्यांच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, त्याला 2बी गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होण्याची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित. आयएआरसी पुरावा किती पक्का तेवढंच बघते, किती खाल्लं तर धोका हे त्यांचं कामच नाही. ते काम दुसऱ्या समितीचं, आणि तिने जुनीच मर्यादा कायम ठेवली, रोज दर किलो वजनामागे 40 मिलीग्रॅम. बाबांचं वजन 63 किलो, म्हणजे 2520 मिलीग्रॅम, आणि त्यांच्या डबीवर एका गोळीत 18 मिलीग्रॅम लिहिलेलं, म्हणजे मर्यादा गाठायला दिवसाला 140 गोळ्या. ते टाकायचे आठ! हा हिशोब बातमीत दोन ओळींत बसला असता हो.

सॅकरिन या दुसऱ्या कृत्रिम स्वीटनरचंही असंच झालं होतं. उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत 1977 पासून पाकिटावर इशारा छापायचे, मग कळलं की ज्या कारणाने उंदरांना होतं ते माणसाला लागू नाही, आणि 2000 मध्ये तो इशारा काढला.

म्हणून हे सगळं बिनधास्त खा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मे 2023 मध्ये त्याच संघटनेने स्पष्ट सांगितलं की वजन कमी करायला स्वीटनर वापरू नका, लांब पल्ल्यात फायदा दिसत नाही, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये टाइप 2 डायबिटीस आणि हृदयविकार जास्त आढळतात. आता ज्यांचं वजन आधीच वाढलंय तेच लोक डाएट ड्रिंककडे वळतात, त्यामुळे दोष गोडीचा की आधीच्या तब्येतीचा हे अशा पाहणीतून नीट सुटं करता येत नाही, म्हणून त्या सल्ल्याला त्यांनी स्वतःच सशर्त म्हटलंय. आणि ज्यांना आधीपासून डायबिटीस आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नाहीच. म्हणजे माझी भाची बारीक व्हायचं म्हणून रोज दोन कॅन पिते, तिने मे महिन्यातला हा सल्ला वाचायला हवा होता, आणि बाबांनी वाचली ती मात्र कॅन्सरची बातमी.

अजून एक, माझा खरा राग पाकिटावर आहे. परवा बाबांसाठी 'शुगर-फ्री' बिस्किटं आणली, मागचं लेबल एवढं बारीक की फोनने फोटो काढून मोठा करून वाचलं, तर पहिलंच नाव मैदा आणि पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, जे साखरेसारखंच भराभर रक्तात उतरतं. बाबा शुगर-फ्री म्हणून चार-चार खात होते. आणि ज्यांना जन्मतः फिनाइलकीटोन्युरिया आहे (अॅस्पार्टेममधला एक घटक शरीराला नीट पचवता न येण्याचा आजार) त्यांना अॅस्पार्टेम खरंच चालत नाही, त्यांच्यासाठीची सूचना पण त्याच मुंगीएवढ्या अक्षरात!

तुमच्या आरोग्य पानावर यापुढे असं काही आलं तर एवढं करा, कुठला स्वीटनर, किती मिलीग्रॅम, कुणासाठी, हे हेडिंगच्या लगेच खाली एका चौकटीत छापा. बाबा अजूनही हेडिंग वाचून पान उलटतात.

आपली एक नियमित वाचक