व्हायोलिन लिहिणाऱ्याचे नाव कुठे?

महोदय,

रविवार पुरवणीतला शंकर-जयकिशन यांच्यावरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे. राग, गीतकार, गाजलेली वर्षे, सगळे नीट आले आहे. ‘जयकिशन यांचा व्हायोलिनचा ताफा’ हे शब्द तर वारंवार येतात. पण त्या ताफ्याने काय वाजवायचे हे ज्यांनी कागदावर लिहून दिले, त्या सेबॅस्टियन डिसोझा यांचे नाव अख्ख्या पानात एकदाही नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंड व्हायोलिनच्या रांगेत वाजवले. सेबॅस्टियन त्याआधीच निवृत्त होऊन गोव्याला परतले होते. त्यांच्या हाताखाली वाजवण्याचा योग आला नाही, पण हॉलमधल्या ज्येष्ठ वादकांच्या बोलण्यात त्यांचे नाव सतत असायचे. जन्म १९०६ चा, गोव्यातला. फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलात त्यांचा बँड होता आणि ओ. पी. नय्यर यांची ओळख तिथलीच. फाळणीनंतर ते मुंबईला आले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची वीसेक वर्षे शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक, तेच. पडद्यावर श्रेयनामावलीत दत्ताराम यांच्या जोडीने त्यांचे नाव यायचे, तेही ‘सहायक’ म्हणून.

हे सहायकाचे काम म्हणजे काय, ते वाचकांना ठाऊक असायला हवे. चाल संगीतकाराची, यात वाद नाही. हार्मोनियमवर तो ती ऐकवतो, कुठे काय हवे तेही सांगतो. पण दोन अंतऱ्यांच्या मधला पीस कोणत्या वाद्यांत बांधायचा, गायिका सूर लांबवत असताना खाली चेलोंनी काय करायचे, व्हायोलांनी (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुराची बहीण) किती बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे गट, गप्प बसायचे, हे अरेंजर लिहितो. मग कॉपी करणारे त्यातून प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट उतरवून काढतात. आमच्या स्टँडवर तो यायचा तेव्हा कधी कधी शाई ओलीच असायची. चार ओळी वाजवायच्या, सोळा बार मोजत बसायचे, पुन्हा दोन ओळी. एकट्याने वाजवून पाहिले तर त्या कागदातून गाणे ओळखूसुद्धा येत नसे. पूर्ण गाणे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असायचे. आणि त्या काळी सगळे एकत्र वाजवत, त्यामुळे एकाचा गज चुकला की टेक गेला.

सेबॅस्टियन यांची खासियत म्हणजे ऑब्लिगाटो, गाणाऱ्याच्या आवाजामागून चालणारी वाद्यांची स्वतंत्र सुरावट. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) मधले ‘ओ बसंती पवन पागल’ लावा आणि एकदा लताबाईंकडे दुर्लक्ष करून (अवघड आहे, मान्य!) फक्त मागची व्हायोलिन ऐका. ती साथ करत नाहीत, त्यांचे त्यांचे गाणे चाललेले असते आणि तरी कुठे आवाजाच्या आड येत नाहीत. पियानोवर बसून सुचले आणि झाले, अशातले हे काम नव्हे. आपल्याकडच्या मींडेचा अंदाज आणि पाश्चात्त्य हार्मनीची शिस्त, दोन्ही लागतात.

यात शंकर-जयकिशन यांचा मोठेपणा कमी करण्याचा हेतू नाही. असा माणूस वीस वर्षे जवळ ठेवला हीसुद्धा त्यांची जाणच. माझी तक्रार आहे ती नंतर लिहिणाऱ्यांवर आणि जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्यांवर. नाट्यगृहात असे कार्यक्रम हाऊसफुल्ल जातात. कीबोर्डवाला सेबॅस्टियन यांचा पीस सुरासूर वाजवून टाळ्या घेतो, निवेदक नटीच्या साडीचा रंगही सांगतो, पण अरेंजरचे नाव येत नाही. अँथनी गोन्साल्विस लोकांना माहीत आहेत, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये त्यांच्या नावाचे गाणे अमिताभच्या तोंडी दिले. तेही अनेकांना काल्पनिक पात्र वाटते. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे हे खरेखुरे व्हायोलिनवादक २०१२ च्या जानेवारीत गेले. पाठोपाठ आपले अनिल मोहिले गेले. अरुण पौडवाल यांच्यासोबत ‘अष्टविनायक’चे संगीत देणारे म्हणून मोहिले मराठी माणसाला आठवतात, पण इतरांच्या चालींसाठी त्यांनी आयुष्यभर केलेले संयोजन कुणी मोजले आहे?

आपण गाण्याची माहिती चौकटीत छापता तेव्हा गीत, संगीत, स्वर यांच्याखाली ‘संगीत संयोजन’ अशी एक ओळ घालावी. जिथे नाव सापडणार नाही, तिथे ती मोकळी ठेवावी. वाचकांपैकी कुणीतरी कळवेल. आमच्यातले काही वादक अजून आहेत, त्यांना फोन केला तरी पुष्कळ कळेल.

पुढच्या रविवारी ओ. पी. नय्यर यांच्यावर लेख येणार असल्याची सूचना पानाच्या तळाशी वाचली. लेखकाने तिथेही अरेंजर शोधावा. सेबॅस्टियनच भेटतील.

– एक निवृत्त व्हायोलिनवादक, डोंबिवली (पूर्व)