सूचना : सार्वजनिक आरोग्य तंत्रज्ञानातील पदव्युत्तर अर्जांबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांनी आपले उद्देशपत्र (हे शिक्षण का घ्यायचे आहे, हे सांगणारे अर्जासोबतचे पत्र) गटाकडे वाचनासाठी पाठविण्यापूर्वी ते स्वतः एकदा तपासून घ्यावे. मागील खेपेस आलेल्या बहुतेक पत्रांत प्रोग्रॅमिंग भाषांची लांबलचक यादी होती, परंतु आरोग्याचा नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे शोधूनही सापडत नव्हते.

या शिक्षणाचा पाया साथरोगशास्त्र (रोग कोणात व कसे पसरतात याचा अभ्यास) व जैवसंख्याशास्त्र (आरोग्यविषयक आकडेवारीचे शास्त्र) हाच आहे. संगणक त्यानंतर येतो. उदाहरणार्थ, लोकांनी इंटरनेटवर घेतलेल्या शोधांवरून फ्लूच्या प्रसाराचा अंदाज बांधणारी गूगलची सेवा २००८ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाली, मात्र २०१२-१३ च्या हंगामात तिचे आकडे प्रत्यक्षाहून फार फुगले आणि २०१५ मध्ये ती थांबविण्यात आली.

ओस्लो विद्यापीठात विकसित झालेल्या डीएचआयएस-२ या, आरोग्य केंद्रांची आकडेवारी गोळा करणाऱ्या मुक्त संगणक प्रणालीची नमुना आवृत्ती सर्वांसाठी खुली असून, तिच्यात एखाद्या केंद्राचा मासिक अहवाल अवश्य भरून पाहावा. रकाना रिकामा राहिला, तर त्या महिन्यात रुग्णच नव्हता की नोंद करायची राहून गेली, हे कळत नाही. शून्य साठवायचे की नाही, हेही तेथे आधी ठरवावे लागते. (असा एक रकाना पत्रात नीट उलगडून सांगितला, तर दहा प्रमाणपत्रांपेक्षा अधिक उपयोग होईल, असे आमचे मत आहे.)

पत्र दोन पानांपेक्षा मोठे नसावे आणि अर्जाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी समन्वयकांकडे द्यावे.