सोटोला दिलं ते बरोबर, पण…

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. हार्दिकला गुजरातकडून परत आणल्यावर २०२४ मध्ये वानखेडेवर जी हुर्यो उडाली, तिचा राग तुझ्या मनात अजून आहे हे पहिल्याच ओळीत कळलं. पण तुझा खरा प्रश्न पुढचा आहे: ‘आपल्याकडे निदान मोसम संपल्यावर बदलाबदली होते. तिकडे बेसबॉलवाले भर मोसमात, काल ज्याच्या नावाचा शर्ट घालून पोरं मैदानात आली त्यालाच आज दुसऱ्या संघाला देऊन टाकतात. हे लोक सहन कसं करतात?’

माझं मत आधीच सांगतो. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २ ऑगस्ट २०२२ ला हुआन सोटोला सॅन दिएगो पाद्रेसकडे दिलं, ते बरोबर केलं. आणि त्याला द्यायची वेळ स्वतःवर येऊ दिली, हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही. ही दोन्ही मतं एकाच डोक्यात कशी नांदतात, ते समजायला थोडा हिशेब बघावा लागेल.

सोटो कोण होता ते आधी डोळ्यासमोर आण. डोमिनिकन पोरगा. १९ व्या वर्षी, २० मे २०१८ ला मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमध्ये आला. डावखुरा बॅटर. चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे योग्य चेंडू ज्या चौकटीतून जायला हवा तिच्या, बाहेर दोन इंच असला तरी बॅट हलत नाही. चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत त्याच्यावर नजर, मग गुडघे वाकवून पाय मातीत सरकवायचे आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे रोखून बघायचं. ‘तू मला फसवू शकत नाहीस’ हे तोंडानं बोलायची गरजच नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्यावर सगळं ठरणार होतं. आठवी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, संघ १-३ नं मागे, समोर मिलवॉकीचा पिचर जॉश हेडर. सोटोनं चेंडू उजवीकडे मारला, तो तिथला क्षेत्ररक्षक ट्रेंट ग्रिशमच्या ग्लोव्हखालून निसटला आणि तिघंही धावत घरी आले. सामना ४-३. त्याच महिन्यात नॅशनल्स वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकले. वॉशिंग्टन शहराला १९२४ नंतर पहिल्यांदाच. मालिका चालू असताना सोटोला २१ वर्षं पूर्ण झाली.

असा माणूस कोणी देतं का? इथेच हिशेब येतो.

मेजर लीगमध्ये खेळाडूच्या नोकरीचे दिवस मोजतात. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली की मोसमाअखेर तो मोकळा, म्हणजे फ्री एजंट. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार, पुढची तीन वर्षं लवाद ठरवेल तो. सोटो पहिल्या मोसमात मे अखेरीस आला, त्यामुळे १३४ दिवस भरले. वर्ष थोडक्यात हुकलं, पण लवादाकडे तीनऐवजी चार वेळा जायची सोय झाली. २०२२ ला त्याचा पगार १ कोटी ७१ लाख डॉलर होता आणि तो मोकळा होणार होता २०२४ च्या अखेरीस. म्हणजे २०२२ च्या जुलैमध्ये जो संघ त्याला घेईल, त्याला तीन ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरीचे तीन महिने, मिळणार: २२, २३, २४.

ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अशा बदलाबदलीत, विकला जातो तो खेळाडू नव्हे, त्याची उरलेली मुदत, हे एकदा मनात पक्कं बसलं की जुलै महिन्यातला सगळा गोंधळ उलगडतो. बाल्टिमोरनं काय केलं बघ. मॅनी मचाडो मोकळा व्हायला फक्त अडीच महिने उरले असताना, जुलै २०१८ मध्ये, तो डॉजर्सना दिला. बदल्यात पाच जण आले. त्यातला डीन क्रेमर हा पिचर तेवढा कामाला आला, बाकी चौघं विरून गेले. शिवाय मोसमाच्या मध्ये आलेला खेळाडू पुढे मोकळा झाला, तर घेणाऱ्या संघाला भरपाईची ड्राफ्ट निवड (नव्या पोरांतून खेळाडू उचलायची जादा पाळी) मिळत नाही, म्हणून अशा उसनवारीच्या खेळाडूचा भाव आणखी पडतो. नॅशनल्स आणखी दोन वर्षं थांबले असते तर सोटोलाही असंच पडेल भावात द्यावं लागलं असतं.

आता बदल्यात काय आलं ते बघ, कारण अक्कल दिसते ती इथे. पाच पोरं आणि एक तयार खेळाडू. मकेन्झी गोर हा डावखुरा पिचर आणि सी. जे. एब्रम्स हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), दोघंही त्याच एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये आलेले. मग रॉबर्ट हॅसेल, जेम्स वुड आणि जार्लिन सुसाना हे तिघं अजून खालच्या पायऱ्यांवर. वुड १९ वर्षांचा, सुसाना तर १८ चा. हरणारा संघ इतकी कोवळी पोरं का मागतो? कारण त्यांचं सहा वर्षांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नसतं. मायनर लीगमध्ये, म्हणजे त्या खालच्या पायऱ्यांवर, काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. गोर २०२७ पर्यंत, एब्रम्स २०२८ पर्यंत, वुड २०३० पर्यंत संघाच्या हातात राहणार होता. अडीच वर्षांच्या मुदतीच्या बदल्यात एवढी लांब मुदत. सोटोबरोबर जॉश बेलही गेला, पण त्याचे दोनच महिने उरले होते.

जोखीम कुठे होती तेही सांगतो. गोर त्या दिवशी कोपराच्या सुजेमुळे दुखापतीच्या यादीत होता. असे सौदे फोनवर ठरतात, मग दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांच्या खेळाडूंचे वैद्यकीय कागद तपासतात आणि त्यानंतरच शिक्कामोर्तब होतं. पिचरचं कोपर ही या धंद्यातली सगळ्यात ठिसूळ वस्तू, तरी कागद बघून नॅशनल्सनी त्याला घेतला. त्या मोसमात तो मेजर लीगमध्ये त्यांच्यासाठी एकही चेंडू टाकू शकला नाही.

आणि सौदा जवळजवळ झालाच असताना एक फाटा फुटला. पाद्रेसना एरिक हॉझमरचा महाग करार गळ्यातून काढायचा होता, म्हणून त्याचं नाव यादीत घातलं होतं. पण त्याच्या करारात काही संघांना नकार द्यायचा हक्क होता आणि वॉशिंग्टन त्यात होतं. तो नाही म्हणाला. त्याच्या जागी ल्यूक व्हॉइट आला, तोच तो तयार खेळाडू, आणि हॉझमर त्याच दिवशी बॉस्टनला गेला. मोसमातल्या ट्रेडची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती, त्यामुळे अशा नकाराला उत्तर शोधायला हातात तासच होते. नकाराचा आणखी एक हक्क करारात न लिहिताही मिळतो: दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाली की खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही. मॅक्स शर्झरकडे २०२१ मध्ये तो हक्क होता, त्यानं संमती दिली आणि तो ट्रे टर्नरबरोबर डॉजर्सकडे गेला.

याच शर्झरला, आता मेट्सकडून खेळताना, सोटोनं १ ऑगस्ट २०२२ च्या रात्री होम रन मारला. वॉशिंग्टनच्या कपड्यांतला तो शेवटचा सामना. दहा-अकरा दिवसांनी तो पाद्रेसबरोबर त्याच मैदानात परत आला तेव्हा लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि त्यानं हेल्मेट काढून हात केला. तुझ्या ‘सहन कसं करतात’ याचं उत्तर तिथं होतं, सुन्या. त्याच्यावर कोणाचाच राग नव्हता.

राग होता तो वर बसलेल्यांवर. एप्रिलमध्ये मालक कुटुंबानं संघ विकायचा विचार चालू आहे असं जाहीर केलं. जूनच्या सुरुवातीला जनरल मॅनेजर माइक रिझो उघडपणे म्हणाले की सोटोला ट्रेड करणार नाही. जुलैमध्ये १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर देऊ केले, ते सोटोनं नाकारले, आणि दोन आठवड्यांच्या आसपास तो गेला. वर्षाला सरासरी २.९ कोटी. आकडा मोठा दिसतो, पण दोन वर्षांनी मेट्सनी त्याला १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले. त्यानं नाही म्हटलं त्याला हावरटपणा म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. संघाची तिजोरीही आधीच अडकली होती: स्टीफन स्ट्रासबर्गला २०१९ च्या विजयानंतर सात वर्षांचे २४.५ कोटी दिले आणि पुढे तो मोजून आठ सामने खेळू शकला. कारण त्याचं शरीर, दोष त्याचा नव्हे. पण त्यामुळे सोटोला २०२० मध्ये, तो स्वस्त असताना, बांधून ठेवायची संधी हुकली.

पाद्रेसचं काय झालं म्हणशील, तर लगेच लाभ झाला, पण वेगळ्याच वाटेनं. सोटोनं तिथे उरलेल्या ५२ सामन्यांत फक्त .२३६ ची सरासरी राखली, बेलनं .१९२. तरी संघानं त्या ऑक्टोबरमध्ये १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना हरवलं आणि नॅशनल लीगच्या अंतिम फेरीत फिलाडेल्फियाकडून हरले. २०२३ मध्ये सोटोनं ३५ होम रन मारूनही संघ बाद फेरीच्या बाहेर राहिला, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी त्याला यँकीजना दिलं. तिथून मायकल किंगसारखा पिचर आला, आणि सौद्यात आलेला ड्रू थॉर्प पुढे डिलन सीसला आणायला वापरला. म्हणजे पाद्रेसनी तीनपैकी दोन ऑक्टोबर वापरले आणि तिसरा परत विकला.

आणि गंमत बघ: सोटोच्या एकच दिवस आधी पाद्रेसनी हेडरलाही घेतलं होतं. २०१९ च्या त्या चेंडूतले तिघंही, टाकणारा हेडर, मारणारा सोटो, सोडणारा ग्रिशम, एकाच ड्रेसिंग रूममध्ये. पण मिलवॉकीसाठी तो सौदा कडू ठरला. ते तेव्हा आपल्या गटात पहिले होते. पहिला असलेला संघ आपला शेवटची इनिंग टाकणारा माणूस देतो, तेव्हा खेळाडूंना एकच निरोप पोचतो की वरच्यांना आपण जिंकू असं वाटत नाही. मोसमाअखेर ते एका विजयानं बाद फेरीबाहेर राहिले. खरं तर तिथून आलेला एस्तेऊरी रुईस वापरून त्यांनी पुढे विल्यम काँत्रेरास हा उत्तम कॅचर मिळवला, त्यामुळे कागदावर सौदा फायद्याचा झाला. तरीही, शेवटच्या नंबरवर असताना तारा देणं आणि पहिल्या नंबरवर असताना देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचं समर्थन मी करणार नाही.

वॉशिंग्टनचं पुढे काय बिघडलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. २०२२ मध्ये १०७ सामने हरले, सगळ्यांत तळाला. पूर्वीचा नियम असता तर ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली असती, पण २०२३ पासून सोडत आली आणि पहिला नंबर पिट्सबर्गला लागला. त्यांनी पॉल स्कीन्स उचलला. हॅसेलच्या मनगटातलं हॅमेट नावाचं बारीक हाड त्याच शरद ऋतूत मोडलं. बॅटची मूठ तळहाताच्या त्याच कोपऱ्यावर टेकते, त्यामुळे हाड जुळलं तरी फटक्यातला जोर परतायला फार वेळ लागतो. व्हॉइटला नोव्हेंबरमध्येच सोडून दिलं.

बाकीचे मात्र पिकले. एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार (मोसमाच्या मधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात), गोर आणि वुड २०२५ मध्ये. वुड तर मेरीलँडचाच, घराजवळचा पोरगा, सहा फूट सात इंच. २०२५ मध्ये ३१ होम रन, पण ऑल-स्टार सुट्टीनंतर त्यातले फक्त ७, आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, २२१ वेळा. त्याच वर्षी २९ जूनला एंजल्सनी त्याला एकाच सामन्यात चारदा मुद्दाम वॉक दिला, म्हणजे मारायची संधी न देता पहिला बेस देऊन टाकला. बॅरी बाँड्सनंतर तसं कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. तो मान होता, हे खरं. पण चारदा मुद्दाम सोडतात, कारण त्याच्यामागे घाबरावं असं कोणी नसतं. त्या मोसमात संघ ९६ सामने हरला आणि रिझो व मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ दोघांनाही जुलैत काढलं. बी चांगलं आणलं, पण पाणी घातलंच नाही. गोर-एब्रम्स तयार असताना आजूबाजूला दोन-तीन चांगले फ्री एजंट विकत घेतले असते तर वुड आल्यावर सगळ्यांच्या मुदती एकमेकांवर आल्या असत्या. तसं न केल्यानं, एक पिकेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपत आली.

म्हणून पुढच्या जुलैत एखाद्या ताऱ्याच्या ट्रेडची बातमी वाचलीस, तर आधी त्याचे किती ऑक्टोबर उरलेत ते मोज. मग येणाऱ्यांत मुख्य नाव बॅटरचं आहे की पिचरचं ते बघ. एकट्या पिचरवर टेकलेला सौदा मला धास्तीचा वाटतो. डबल-ए ही मायनर लीगमधली वरची पायरी कोणी ओलांडलीय का ते तपास, कारण खालच्या पायरीवर नुसत्या वेगावर खपून जाणारी पोरं तिथे उघडी पडतात. आणि उरलेला पगार कोण भरणार ते वाच. देणाऱ्या संघानं पगाराचा वाटा उचलला असेल तर त्यानं चांगली पोरं मागितली असणार. उचलला नसेल, तर पैसे वाचवायला माणूस दिला असण्याची शक्यता जास्त.

आणि एक तारीख डायरीत लिहून ठेव. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. नव्या करारात सहा वर्षांचा नियम तसाच राहिला, तर वुडला मोकळं व्हायला बरोबर तीन ऑक्टोबर उरलेले असतील तो महिना जुलै २०२८. तोपर्यंत त्याच्याशी करार झाला की नाही, एवढं मी दर हिवाळ्यात बघणार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वॉशिंग्टनवाला मित्र