"शाश्वत" लिहिलेल्या पाकिटातला माकूल कुठल्या बोटीने पकडला ते मला लेखी कळवा

नमस्कार,

विषय: फ्रोझन कॅलमारी (म्हणजे माकूल, स्क्विड) रिंग्जच्या पाकिटावरचा "शाश्वत मासेमारी" हा दावा, आणि तीन मेल करूनही न मिळालेलं उत्तर

मागच्या महिन्यात तुमच्या ॲपवरून मी कॅलमारी रिंग्जची दोन पाकिटं मागवली. माल चांगला होता, वेळेवर आला, मुलांनी आवडीने खाल्ला, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. माझी तक्रार पाकिटावर जे छापलंय त्याबद्दल आहे. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि "शाश्वत पद्धतीने पकडलेला" असं मोठ्या अक्षरात, शेजारी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी १४ नंबरचा, समुद्रातल्या जीवसृष्टीबद्दलचा, तो माशाचं चित्र असलेला निळा लोगो. आणि मागे, चष्मा लावून वाचावं लागेल अशा बारीक अक्षरात, मूळ देश चीन, मासेमारी क्षेत्र एफएओ ४१. बोटीचं नाव नाही, कुठल्या बंदरात उतरवला ते नाही, कुठल्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे तेही नाही.

माझं माहेर मालवण. घरात मासेमारी होती म्हणून असेल पण ते ४१ वाचून मी थांबले आणि शोधलं. एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, तिने समुद्राचे भाग पाडून त्यांना नंबर दिलेत, त्यातला ४१ म्हणजे नैऋत्य अटलांटिक, म्हणजे ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनासमोरचा समुद्र. तिथला माकूल म्हणजे मुख्यतः इलेक्स नावाची जात. चीनच्या बोटी अर्धी पृथ्वी ओलांडून तिथे जातात, तैवानच्या जातात, कोरियाच्या जातात, स्पेनच्याही जातात. अर्जेंटिनाची हद्द २०० सागरी मैलांवर संपते आणि त्या रेषेच्या लगेच बाहेर, ज्याला तिकडे "मैल २०१" म्हणतात, सीझनला शेकडो बोटी लाईट लावून उभ्या असतात. रात्री उपग्रहातून घेतलेल्या फोटोत भर समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. तुम्ही मासे विकता तेव्हा हे तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

लाईटने माकूल जवळ आणून गळाने धरायच्या त्या पद्धतीत दुसरे मासे फार अडकत नाहीत, जाळ्याने तळ खरवडला जात नाही, हे मला मान्य आहे, आणि तुमचा दावा त्यावरच उभा असेल तर तसं स्पष्ट सांगा. पण इलेक्सचं आयुष्य जेमतेम एक वर्षाचं, अंडी घातली की तो मरतो, त्यामुळे यावर्षी अंडी घालायच्या आधीच जास्त उचलला तर पुढच्या वर्षी येणार कुठून? अर्जेंटिना निदान आपल्या हद्दीत सीझन ठरवून देतो आणि साधारण ४० टक्के माकूल अंडी घालायला सुटून जावा असा हिशोब ठेवतो. रेषेच्या बाहेर तो हिशोब ठेवणारं कोणीच नाही, कारण टूनासाठी जशी देशादेशांची मिळून संस्था असते तशी त्या भागात माकुलासाठी नाहीच, आणि तिथल्या फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनचं भांडण असल्यामुळे ती होतही नाही. तोच माकूल रेषेच्या आत येतो आणि बाहेर जातो. किती पकडायचा यावर मर्यादाच नाही त्या जागी तुम्ही "शाश्वत" हे कशावरून ठरवलंत?

मालवणच्या पारंपरिक मच्छिमारांनी पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडी लाईटच्या मासेमारीविरोधात किती वर्षं काढलीत, मोर्चे, उपोषणं, समुद्रात झालेल्या मारामाऱ्या, हे मी लहानपणापासून बघितलंय. २०१७ पासून आपल्या देशात लाईट लावून मासेमारी करायला बंदी आहे. (ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दिसतं.) १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटी वर काढलेल्या असतात, दोन महिने घरात पैसा नसतो, तरी माशांची पिल्लं वाढावीत म्हणून आमची माणसं ते सोसतात. माझे काका मासळी कुठल्या बोटीची, कधीची, कुठल्या जाळ्याची हे उभ्या उभ्या सांगतात, आणि त्यांच्या माकुलावर कोणी हिरवं पान छापत नाही. तुम्ही ज्या १४ नंबरच्या ध्येयाचा लोगो लावलाय त्यातच १४.ब आहे, लहान मच्छिमारांना समुद्रात आणि बाजारात जागा मिळाली पाहिजे असं. त्यातच १४.४ आहे, बेसुमार मासेमारी २०२० पर्यंत थांबवायची होती. ते वाचून लोगो लावलात का?

शिवाय या लांबच्या बोटी बंदरात फारशा येतच नाहीत. माल समुद्रातच दुसऱ्या मोठ्या थंड जहाजावर चढवतात, डिझेलही समुद्रातच मिळतं, म्हणून एकेक बोट महिनोन्‌महिने, कधी वर्षाच्या वर बाहेर राहते आणि दहा बोटींचा माल एकात मिसळतो. खलाशी इतके दिवस अडकून पडतात की नीट खायला न मिळाल्यामुळे बेरीबेरीसारख्या आजाराने माणसं गेलीत, उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ बंदरात अशा बोटींवरून मृतदेह उतरवले गेलेत. ते खलाशी बरेचसे इंडोनेशियाचे, फिलिपिन्सचे, गरीब घरातले. माझ्या घरातली माणसं समुद्रावर जायची, त्यामुळे हे वाचल्यावर ते दुसरं पाकीट मला उघडवेना, अजून फ्रीझरमध्ये तसंच आहे.

तुमचा माकूल अशाच बोटीवरचा आहे असा माझा आरोप नाही. तो अर्जेंटिनाच्या हद्दीतला, नियमात पकडलेलाही असू शकतो. मी फक्त विचारलं. पहिल्या मेलला उत्तर आलं की "आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो". दुसऱ्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला १५० रुपयांचं कूपन आलं. मला कूपन नकोय, ते मी वापरलेलं नाही, कॅन्सल करा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात "शाश्वत" सारखा मोघम शब्द वापरायचा तर त्याचा पुरावा आणि माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे असं आहे. त्यामुळे मी मागतेय ते काही जगावेगळं नाही. दोन्ही पाकिटांच्या बॅच नंबरचे फोटो जोडलेत. त्या बॅचचा माकूल कुठल्या बोटीने पकडला, हद्दीच्या आत की बाहेर, समुद्रात दुसऱ्या जहाजावर चढवला का, कुठल्या बंदरात उतरला, आणि "शाश्वत" हे कोणी तपासून दिलं, एवढं लेखी कळवा. कळवता येत नसेल तर पुढच्या छपाईपासून ते पान आणि तो लोगो काढा आणि ॲपवरूनही काढा. काढलंत तर तसं मला कळवा, मी ते चांगलंच समजेन.

१५ दिवस थांबते. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे, हे तिन्ही मेल आणि कूपनचा स्क्रीनशॉट जोडून. न उघडलेलं पाकीट मी ठेवलंय, तपासायला हवं असेल तर माणूस पाठवा.

तुमची ग्राहक,
पुणे