ऑस्ट्रेलियाचा कायदा आणायचा तर कलमांसकट

संपादक महोदय,

मुलांना समाजमाध्यमे बंद करा, ‘ऑस्ट्रेलियासारखा’ कायदा आणा, ही मागणी आता आपल्याकडेही जोर धरत आहे. गोवा सरकारनेही तसा विचार बोलून दाखवला आहे. त्या कायद्यात नेमके काय आहे, हे मात्र चर्चेत फारसे येत नाही.

10 डिसेंबर 2025 पासून लागू झालेल्या या कायद्यात मुलाला शिक्षा नाही, पालकाला दंड नाही. 16 वर्षांखालच्या कोणाचे खाते राहू नये म्हणून ‘वाजवी उपाय’ योजण्याची जबाबदारी कंपनीची. तिने हयगय केली तर 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब यादीत आहेत, व्हॉट्सॲप नाही. म्हणजे मेलबर्नच्या नातीला पुण्याच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला आडकाठी नाही. शिवाय बंदी खात्यावर आहे, पाहण्यावर नाही. लॉगइन न करता यूट्यूब बघता येतेच, आणि तेव्हा खात्याला जोडलेली पालकांची नियंत्रणे कामाला येत नाहीत. ही त्या कायद्यातली खरी फट आहे.

माझ्या मते या कायद्याचा जीव दोन कलमांत आहे. पहिले : सरकारी ओळखपत्र हाच वय सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग कंपनीला ठेवता येत नाही, दुसरा वाजवी पर्याय द्यावाच लागतो. दुसरे : वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची, न केल्यास तो खासगीपणाच्या कायद्याचा भंग. स्नॅपचॅटचेच घ्या. तिथे ओळखपत्र दाखवा, चेहऱ्याचे स्कॅन द्या किंवा बँकेमार्फत खात्री करा, असे मार्ग आहेत. बँकेच्या मार्गात कंपनीला जन्मतारीख कळत नाही. वय 16 च्या वर आहे की नाही, एवढेच उत्तर जाते.

चेहऱ्यावरून वय ओळखणे मात्र अंदाजच असतो. नऊ वर्षांचे मूल आणि तिशीतला माणूस यांत गल्लत होणार नाही, पण 15 आणि 17 यांत सहज होते. म्हणूनच चुकून बंद झालेल्या खात्यासाठी दाद मागण्याची सोय हवी. आपल्याकडे आणखी एक अडचण. घरात एकच मोबाइल, खाते वडिलांच्या नंबरवर, हातात फोन मुलीच्या. वापरावरून वय ताडणारी यंत्रणा अशा खात्याचे काय करणार?

आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याची वाट तर वेगळीच आहे. इथे 18 वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’, आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळलेली संमती हवी. ऑस्ट्रेलियात पालकाने हो म्हटले तरी खाते मिळत नाही. तिकडची बंदी उचलून इथल्या संमतीवर ठेवली, तर दोन्ही तपासण्यांचा भार शेवटी आधार कार्डावर येईल, आणि मुलांच्या निमित्ताने प्रत्येक प्रौढाला कंपनीपुढे ओळख उघडी करावी लागेल. मुलांना जपायलाच हवे. पण ही किंमत मला मान्य नाही.

ऑस्ट्रेलियात हे विधेयक नोव्हेंबर 2024 मध्ये आठवडाभरात मंजूर झाले. संसदीय समितीपुढे म्हणणे मांडायला लोकांना जेमतेम एक दिवस मिळाला. तिथल्या मानवी हक्क आयोगाने गंभीर आक्षेप घेतले, आणि 15 वर्षांच्या दोन मुलांनी, तसेच स्वतंत्रपणे रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानेही, ‘हाय कोर्टा’त, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या देशात राष्ट्रीय पातळीवर मानवी हक्कांचा कायदा नाही, त्यामुळे सारा युक्तिवाद राज्यघटनेतून निघणाऱ्या राजकीय संवादाच्या स्वातंत्र्यावर उभा करावा लागला.

केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार विधेयकाच्या मसुद्यावर किमान 30 दिवस सूचना मागवायच्या असतात. असा मसुदा आला तर ते 30 दिवस पूर्ण मिळावेत, आणि वाचकांनी त्यात आधी ओळखपत्राचे कलम शोधावे.

— एक वाचक, पुणे