ऐकणारे हृदय मागायला शिकवणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

उपासना सकाळी आठऐवजी दहाला सुरू करावी की नाही, एवढ्या प्रश्नावरून गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळीत दोन तट पडले होते. चाळी सोडून कल्याण-बदलापूरला गेलेली कुटुंबे रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये अडकत, आणि चर्चजवळ राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना जुनी वेळ मोडणे हा पूर्वजांचा अवमान वाटे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचा नवा चिटणीस असलेला मी राजीनामा खिशात घालूनच आपल्या परळच्या घरी आलो होतो.

आपण तो वाचलाही नाहीत. पुठ्ठा निखळलेले आपले पवित्र शास्त्र उघडून त्यातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवलेत. गिबोन येथे शलमोन राजाने देवाकडे जे मागितले त्यासाठी मूळ इब्री शब्द 'ऐकणारे हृदय' असे आहेत, हे आपण सांगितलेत तेव्हा मी गप्प झालो. कारण तोवर मी प्रार्थनेत केवळ निर्णय मागत होतो, आणि तोही माझ्या बाजूचा.

मग आपण काढलेला 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर उठल्यावर जे सात जण निवडले गेले, त्या साऱ्यांची नावे ग्रीक, म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्याच भाषेतली आहेत, हे माझ्या कधीच ध्यानात आले नव्हते. राजीनाम्याविषयी आपण एवढेच म्हणालात, की कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली ती लोकांत अधिक मोकळेपणाने मिसळण्यासाठी, आणि तुम्ही मात्र लोकांपासून सुटण्यासाठी सोडता आहात. ते मला लागले, आणि लागायलाच हवे होते.

पुढचे चार रविवार मी बदलापूरहून येणाऱ्यांबरोबर लोकलने आलो. एक आजी गीतपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत जपत स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबल्या; आम्ही पोहोचलो तेव्हा उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद चालू होता.

अखेर वेळ साडेनऊ ठरली, आणि ती ठरवणाऱ्यांत बदलापूरची दोन माणसे होती. एका वडीलधाऱ्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही. त्यांच्याकडे मी दर महिन्याला जातो आणि बहुतेक वेळ ऐकतच असतो.

आपले आभार मानताना पाळकीणबाईंचेही मानतो. त्या दिवशी माझा चहा निवत राहिला, आणि त्यांनी काही न बोलता तो दोनदा गरम करून आणला.

आपला ऋणी,
मंडळीचा चिटणीस