‘संजना’ ही शिवी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका 2024 च्या नोव्हेंबरात संपली. तरी आमच्या शिवाजी पेठेत त्यातल्या अनिरुद्धच्या दुसऱ्या बायकोचं, ‘संजना’ हे नाव अजून शिवीसारखं वापरतात. कुणाच्या घरी घटस्फोटानंतर दुसरी सून आली की लगेच, ‘‘आली बघा त्यांची संजना.’’ गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं, की अशा घरफोड्या बायका मालिकांत दाखवूच नयेत. त्यांचा राग मला कळतो, पण त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मालिका साडेसातला लागायची तेव्हा दुकानातला टीव्ही चालू असायचा आणि माप द्यायला आलेल्या बायका स्टुलावर बसून अख्खा भाग बघून जायच्या. संजना दिसली की बोटं मोडायच्या. आणि त्याच बायका मोबाइलवर तिचा फोटो काढून म्हणायच्या, ‘‘ताई, गळा अस्सा शिवा.’’ मी तेव्हापासून विचार करत आले, की हिचं काहीतरी आपल्या बायकांना जवळचं वाटतंय, फक्त ते तोंडाने म्हणवत नाही.

संजनाची चूक झाकायची नाही. अनिरुद्धचा पहिल्या बायकोबरोबरचा, अरुंधतीबरोबरचा पंचवीस वर्षांचा संसार मोडला त्यात ती होतीच. तिचाही पहिल्या नवऱ्याबरोबरचा, शेखरबरोबरचा संसार मोडला, त्यांच्या मुलाची, निखिलची त्यात फरफट झाली. अरुंधतीचं दुःख बघून मीही रडलेय. पण संजना लग्न होऊन अनिरुद्धच्या ‘समृद्धी’ बंगल्यात आली आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथून सुरू झाली. त्या घरातला डबा न् डबा अरुंधतीच्या हाताचा. सासऱ्यांचा, अप्पांचा जीव अरुंधतीत. अभिषेक, यश आणि ईशाची आई अरुंधतीच, आणि ते बरोबरच आहे. पण नव्या बाईने त्या घरात उभं तरी कुठं राहायचं? तिने बरं केलं तर ‘अरुंधती असती तर असं केलं असतं’, आणि वाईट केलं तर ‘हिच्याकडून दुसरं काय होणार’.

बरं, ज्याच्यासाठी तिने एवढं सगळं पणाला लावलं, तो अनिरुद्ध काय करत होता? अरुंधती गाऊ लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, आशुतोष केळकर तिच्या आयुष्यात आला, तशी ह्याची तगमग वाढत गेली. घटस्फोट ह्याचा, दुसरं लग्न ह्याचं, आणि लक्ष सारं पहिलीकडे. संजना हे रोज बघत होती. हा माणूस बायकोला कसा टाकतो, हे तर तिने शेजारी उभं राहून पाहिलेलं. उद्या आपली पाळी, हे तिला वेगळं सांगायला कशाला पाहिजे? मग ती टोमणे मारायची, संशय घ्यायची, घरावर हक्क सांगायला डाव टाकायची. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला कुठलीच जागा आपली वाटत नाही, ती असंच झोंबणार. अशी बाई बघितली नाही असं कोल्हापुरात कुणी सांगावं.

मी बघितलीय. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येते, दुसरेपणावर दिलेली. एकदा ती पहिलीच्या लग्नातला शालूवरचा ब्लाऊज घेऊन आली. सासूने सांगितलं होतं, एवढं भारी कापड वाया कशाला घालवायचं, उसवून तुझ्या मापाचा करून घे. काउंटरवर ठेवून ती तो उलटा-सुलटा करत राहिली. आत हुकांच्या पट्टीला पहिलीने स्वतःच्या हाताने मारलेले टाके होते, जरा वाकडे, दुहेरी दोऱ्याचे. त्या टाक्यांवरून तिने अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, कापड मी आणतो. नवाच शिवा. पर आत्यास्नी सांगू नका.’’ मी नवा शिवून दिला. हीच बाई घरात सासूशी कडाकडा भांडते, नवऱ्याच्या पहिल्या मुलीला फोनवर आईशी बोलू देत नाही. त्या पोरीसाठी माझा जीव तुटतो. पण ह्या बाईसाठीही तुटतो, आणि एकीसाठी तुटला म्हणून दुसरीचं दुःख खोटं ठरत नाही. गल्लीत तिलाही ‘संजना’च म्हणतात. माझ्या दुकानात कुणी तसं म्हटलं तर मी तिथल्या तिथं टोकते.

ह्याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. 1919 साली घटस्फोटाचा केला, आणि त्याच वर्षी घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्धही केला. बाईला मोडलेल्या संसारातून उठून दुसरा मांडायची वाट ह्या गावाने शंभर वर्षांपूर्वी कागदावर मोकळी केली. तरी दुसऱ्या संसारात गेलेल्या बाईला आजही परक्या घरात घुसल्यासारखं वागवतात.

मालिकावाल्यांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणाने. संजनासारखं पात्र हातात असताना ते त्यांनी धड सांभाळलं नाही. कधी तिला एखाद्या भागात मनापासून रडू द्यायचं, आपल्याला वाटावं आता ही बाई उलगडतेय, आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा कपाळाला आठ्या, मागे ढणढण संगीत आणि एकच चेहरा तीन-तीन बाजूंनी. तिची भीती एकदा दाखवली होती ना, मग तीच धरून पुढं जायचं. भीतीतून संशय, संशयातून खोटेपणा, खोटेपणातून आणखी एकटेपण, असं पायरी-पायरीने दाखवलं असतं तर कितीतरी घरांत लोक आपापसांत बोलायला लागले असते. आणि कपड्यांचं तर मी माझ्या धंद्यामुळे खात्रीने सांगते. सोशिक बाई असली की सुती साडी, कोपरापर्यंत बाही आणि वेणी. वाकड्या चालीची असली की मोठा गळा, बिनबाह्यांचा ब्लाऊज आणि मोकळे केस. अशाने बघणाऱ्याला वाटतं, मोठा गळा शिवणारी ती वाईट. माझ्याकडे मोठा गळा शिवणाऱ्या कितीतरी बायका पहाटे उठून सासऱ्यांचं पथ्यपाणी करतात.

ही भूमिका आधी दीपाली पानसरे यांनी आणि नंतर रूपाली भोसले यांनी केली. दोघींनीही तिच्या डोळ्यांतली धास्ती दाखवली म्हणून तर आपल्याला तिचा एवढा त्रास झाला. आणि असं काम करणाऱ्या नट्यांना लोक मोबाइलवर शिव्या लिहून पाठवतात! ह्याची मला फार लाज वाटते.

चुकलेलं माणूस असं नीट उलगडून दाखवणं जमत नाही असं नाही. आमच्या कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेली प्रभात कंपनी पुढे पुण्याला गेली, तिथं शांतारामबापूंनी 1937 साली ‘कुंकू’ हा सिनेमा काढला. त्यात केशवराव दाते यांनी केलेला म्हातारा नवरा त्याच्या तरण्या बायकोचा, नीराचा गुन्हेगारच आहे. पण आपण काय केलं हे त्याला कळत जातं, ते बघताना त्याचा राग येतो आणि पोटात तुटतंही. दोन-अडीच तासांत जे जमलं, ते रोज अर्धा तास आणि पाच वर्षं हातात असताना का जमू नये?

म्हणून त्या पत्रलेखकांना माझं सांगणं आहे, की अशा बायका दाखवू नका असं म्हणू नका. नीट दाखवा, शेवटपर्यंत दाखवा असं म्हणा. अनिरुद्धलाही जाब विचारा. आमच्या दुकानात संजनावर जितकी बोटं मोडली गेली, त्याच्या निम्मीसुद्धा त्याच्यावर मोडली गेली नाहीत.

संपादकसाहेब, आपल्या मनोरंजनाच्या पुरवणीत दर आठवड्याला कुठल्या मालिकेत पुढे काय वळण येणार ते छापून येतं. एखाद्या आठवड्यात ती जागा दुसऱ्या लग्नाने घरात आलेल्या बायकांना द्याल का? नाव-गाव न छापता त्यांना चार ओळी लिहू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी लिहून देईन, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

आपली नम्र,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर